नीरा १९३७ची, आनंदी २०१९ची: जास्त धीट कोण?

सहाचा_खेळ
बुधवार, रात्री १०:४८

गेल्या रविवारी पाऊस असा लागला होता की डहाणूकर कॉलनीतून पौड रोडपर्यंत जायचीही इच्छा झाली नाही. सकाळी ‘आनंदी गोपाळ’ तिसऱ्यांदा पाहिला, दुपारी मुगाची खिचडी खाऊन ‘कुंकू’. लागोपाठ पाहायचं असं काही ठरवलं नव्हतं. पण संध्याकाळी चहाचं आधण ठेवलं आणि डोक्यात एक किडा शिरला, तो अजून वळवळतोय. म्हणून हा धागा.

दोन्ही गोष्टी सुरू होतात एकाच जागी. कोवळी मुलगी, वयानं कितीतरी मोठा बिजवर नवरा. एक सिनेमा प्रभातनं १९३७ साली काढला, म्हणजे आपल्याच गावात, आज जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे त्या आवारात. दुसरा २०१९चा. मधे ८२ वर्षं गेली. तेव्हा दुसरा जास्त मोकळा, जास्त धीट असायला हवा ना? मला उलटंच दिसलं.

‘कुंकू’तली नीरा पोरकी आहे, घरच्यांनी फसवून तिचं लग्न लावून दिलंय. ती सांगून टाकते की हे लग्न मला मान्य नाही, आणि नुसतं सांगून थांबत नाही, घरात तसंच वागते. शांता आपटे यांचा तो चेहरा आठवा. डोळ्यांत पाणी कमी, राग जास्त. नवरा काकासाहेब हा नावाजलेला वकील, आणि तो वाईट माणूस नाही. खरी गंमत इथेच आहे. केशवराव दात्यांनी खलनायक रंगवला असता तर सगळं सोपं झालं असतं, आपण त्याला शिव्या घालून मोकळे झालो असतो. पण हा माणूस आरशात स्वतःचं वय बघतो, भिंतीवरचं जुनं घड्याळ बघतो, आणि आपण काय करून बसलोय हे त्याला हळूहळू उमगत जातं. शेवटी तो स्वतःला संपवतो. ‘जाऊ दे, होईल हळूहळू सवय’ असं म्हणायची सोय सिनेमानं आपल्याला कुठेच ठेवलेली नाही.

आता ‘आनंदी गोपाळ’. समीर विद्वांसनं फार मनापासून केलेला सिनेमा आहे, भाग्यश्री मिलिंद तर अशी की पदर सावरण्यातसुद्धा वय वाढत गेलेलं कळतं. पण तो बघता बघता प्रेमकथा होतो. ललित प्रभाकरचा गोपाळराव विक्षिप्त, हट्टी, बायकोनं शिकलंच पाहिजे म्हणून जगाशी भांडणारा. तासाभरात आपण त्याच्या बाजूचे. मीही झाले, तिसऱ्यांदाही डोळे पुसले, खोटं कशाला बोलू. मग रात्री आठवलं की खऱ्या आनंदीबाईंनी अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या एका पत्रात लहानपणी खाल्लेल्या माराची आठवण करून दिली आहे. दहाव्या वर्षी लाकडानं, बाराव्या वर्षी अंगावर भिरकावलेल्या खुर्च्या नि पुस्तकं. मीरा कोसंबींनी त्यांच्यावर लिहिताना हे सगळं नीट मांडून ठेवलंय. ते पत्र मनात ठेवून सिनेमा पाहिला की घास घशात अडकल्यासारखं होतं.

माझ्यापुरते मी आता सिनेमांचे दोन ढीग केलेत. एक काळातला सिनेमा, एक काळावरचा. ‘कुंकू’ आज आपल्याला जुन्या जमान्यातला वाटतो, पण काढणाऱ्यांसाठी तो चालू गोष्टीवरचा होता. वाड्याच्या पलीकडच्या खोलीतलं भांडण. तेव्हा थिएटरात बसलेल्या कुणाच्या तरी घरी एक काकासाहेब होतेच. ‘उंबरठा’ (१९८२) तसाच. सुलभा महाजन घर सोडून महिलाश्रमाची नोकरी करायला जाते, परत येते तर घर तिचं उरलेलं नसतं, आणि शेवटी स्मिता पाटील पुन्हा गाडीत बसलेली. माझी आई सांगते, तो बघून आल्यावर आमच्या बाबांनी दोन दिवस विषयच काढला नाही. काळावरच्या सिनेमात ही भीती नसते. आपण लांब, उबदार अंधारात बसून ‘काय ते लोक होते’ म्हणतो आणि पार्किंगच्या रांगेत पुढे जायला धावतो.

ह्याच्याच पुढची पायरी, जरा काडी टाकते. प्रेमकथेला अडसर लागतो. जुन्या प्रेमकथेला तो समाज फुकट पुरवायचा: जात, वय, वैधव्य, आईबाप. हल्लीच्या शहरी मराठी प्रेमकथेत अडसरच नाही, मग लेखक गैरसमज आणून ठेवतो. फोन उचलला असता तर मध्यंतरालाच संपला असता असे सिनेमे मी किती पाहिलेत! ‘मुंबई-पुणे-मुंबई’ (२०१०) मला आवडतो तो ह्यासाठीच, की तिथे खोटा अडसर उभा केलेला नाही. एक दिवस, दोन माणसं, दोन शहरांचा अहंकार. पूर्ण सिनेमाभर दोघांची नावंही कळत नाहीत आणि काही बिघडत नाही.

आणि काळावरच्या ढिगातला एक अपवाद सांगून थांबते: ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९). सगळे त्याला फाळक्यांचा, सिनेमाच्या जन्माचा सिनेमा म्हणतात. माझ्या मते गेल्या वीसेक वर्षांतला तो सगळ्यात चांगला मराठी प्रेमपट आहे. नवरा घरातल्या वस्तू विकतो, कुंडीतल्या वाटाण्याकडे कॅमेरा लावून बसतो, लोक त्याला वेड्यात काढतात आणि सरस्वतीबाई त्या वेडात हात घालून उभी. एकदाही ‘प्रेम’ हा शब्द नाही. खऱ्या सरस्वतीबाई फिल्मला भोकं पाडायचं काम करत आणि वर सगळ्या लवाजम्याचा स्वयंपाकही. विभावरी देशपांडेनं ते कौतुकाची अपेक्षा न ठेवता केलंय.

तर बोला. माझं चुकत असेल तर सांगा, पण आधी ‘कुंकू’ बघून या.


लिमलेट
बुधवार, रात्री ११:०२

पहिला नंबर माझा! सध्या फक्त जागा अडवून ठेवतो, उद्या ऑफिसात बसून लिहीन. ‘फोन उचलला असता तर मध्यंतरालाच संपला असता’ हे मात्र उद्या कँटीनमध्ये माझं म्हणून खपवणार.


रमणबागी
गुरुवार, सकाळी ७:१५

उत्तम धागा. थोडी भर घालतो. ‘कुंकू’ नारायण हरी आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’वरून आला. हिंदीतला भाऊ ‘दुनिया ना माने’. त्याच्याही आधी देवलांचं ‘संगीत शारदा’ १८९९चं, तिथेही म्हातारा नवरदेव आहेच. त्या नाटकाचा परिणाम एवढा, की पुढे सरकारनं बालविवाहाविरुद्ध कायदा केला त्याला नावच शारदा कायदा पडलं.


पेठकर
गुरुवार, सकाळी ७:४०

रमणबागी, सकाळी सकाळी चुकीची माहिती देऊ नये. कायदा १९२९चा. त्याला सारडा कायदा म्हणत ते अजमेरच्या हरबिलास सारडा यांच्यावरून, ज्यांनी विधेयक मांडलं. देवलांच्या नायिकेचा त्याच्याशी संबंध नाही. आपल्याकडे ‘सारडा’चा ‘शारदा’ झाला आणि नाटक डोक्यात असल्यानं सगळ्यांना ते पटलंही. मुलीचं वय १४, मुलाचं १८ एवढंच त्यात होतं. म्हणजे नीरा कायद्यात बसत होती, हे लक्षात घ्या. काकासाहेबांनी कायदा मोडलेला नाही. उलट स्वतः वकील.


रमणबागी
गुरुवार, सकाळी ७:४४

मान्य. चाळीस वर्षं चुकीचं सांगत आलो. माझ्या सरांनीही असंच सांगितलं होतं.


सहाचा_खेळ
गुरुवार, सकाळी ८:३०

पेठकरकाका, ‘कायद्यात बसत होती’ हा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. म्हणजे सिनेमा कायद्याच्या पुढचं विचारतो: बसतं तर बसतं, पण मुलीला विचारलं का?


तुळशीबागवाली
गुरुवार, दुपारी १:२०

दुकानात गिऱ्हाईक नाही, लिहून घेते. काळावरचा सिनेमा म्हटलं की माझ्या पोटात पहिल्यांदा ‘बाजीराव मस्तानी’ दुखतो. तो लागला तेव्हा गावात केवढा गदारोळ. काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचल्या कशा, ह्यावरून पेशव्यांच्या वंशजांनीही आक्षेप घेतला होता. मला नाचण्याचा राग नाही, नाचू देत. माझा राग वेगळा आहे. पिंगा हा मंगळागौरीच्या रात्री माजघरात खेळायचा खेळ. पुरुष नसतात, ओटीवर उजेड नसतो, घाम येतो, केस सुटतात, हसून हसून पोट दुखतं. त्याची भन्साळींनी झुंबराखालची आरास केली. दोन सवतींना एकत्र आणायचंच होतं तर तो घाम ठेवायचा होता, मग मला ते खरं वाटलं असतं.

आणि ती नऊवारी! कंबर दाखवत नेसलेली. पुढची दोन वर्षं गिऱ्हाइकं ‘तशी’ शिवलेली मागायची. मी शिवून दिली. पोट आहे मलाही.


पेठकर
गुरुवार, दुपारी २:०५

आता ह्यात मी बोललो नाही तर पेठ माफ करणार नाही. शनिवारवाड्याची पायाभरणी १७३०, वास्तुशांत १७३२, आणि १८२८च्या आगीत आतलं सगळं गेलं. आज उरलाय तो कोट, दरवाजे आणि जोती. म्हणजे कुणाही दिग्दर्शकाला आत हवा तसा आरसेमहाल उभारायला मोकळं रान. पण वाड्याच्या एका दरवाज्याला मस्तानी दरवाजा म्हणतात, पुढे त्याला अलीबहादूर दरवाजाही म्हणू लागले. एवढी छोटी खूण बास आहे, बाई होती आणि तिला येण्याजाण्याची वाट वेगळी होती. कोथरूडच्या तिच्या महालाचे अवशेष केळकर संग्रहालयात उभे करून ठेवलेत, बाजीराव रोडला, तिकीट काढून जाऊन या. मी दर वेळी पाहुण्यांना तिथेच नेतो आणि सांगतो, सिनेमा विसरा, ही लाकडं बघा.

सहाचा_खेळ ह्यांच्या वर्गीकरणात माझा आक्षेप एवढाच, की गड-किल्ल्यांचे सिनेमे तुम्ही उल्लेखलेच नाहीत. ‘फत्तेशिकस्त’मध्ये लाल महालावरचा १६६३चा छापा आहे. मी तो वसंत टॉकीजच्या आसपास राहणाऱ्या तीन पिढ्यांच्या जथ्थ्यासोबत पाहिला. तिथे प्रेमकथा नाही, समाजप्रश्न नाही, आणि कुणाला त्याची उणीव भासली नाही. पोवाडा ऐकायला गेलेला माणूस नायिका कुठे आहे विचारत नाही.


चिंचेची_तलवार
गुरुवार, दुपारी २:३१

मस्तानीबद्दल अजून खूप बोलायचंय. मुळात तिला नाचणारी ठरवणं हाच


संपादक मंडळ
गुरुवार, दुपारी ३:१०

मस्तानी-काशीबाई ह्या विषयावर आधीच तीन धागे आहेत आणि त्यातले दोन कुलूपबंद आहेत. इथे सिनेमाबद्दल बोलावे. चिंचेची_तलवार यांचा प्रतिसाद पहिल्या वाक्यापुढे काढला आहे.


मृद्गंध
गुरुवार, रात्री ९:१५

मी ‘आनंदी गोपाळ’ची बाजू घेणार आहे, तयार राहा.

सहाचा_खेळ, तुमचं ‘काळातला-काळावरचा’ सुंदर आहे, पण त्यात एक लबाडी आहे. नीरा कल्पनेतली. लेखकाला तिला हवी तेवढी धीट करता आली, तिच्या नवऱ्याला सोयीच्या वेळी मारता आलं. आनंदीबाई खऱ्या. १८६५ साली जन्मल्या, नवव्या वर्षी लग्न, १८८६ साली पेनसिल्व्हेनियात डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ला पुण्यात गेल्या. बावीस पूर्ण नाहीत. कोल्हापूरच्या दवाखान्यातली जागा मिळाली होती, तिथे रुजूही झाल्या नाहीत. असल्या आयुष्याचं तुम्ही काय करणार? तिच्या तोंडी ‘मी हे लग्न मानत नाही’ घालणार? ते खोटं झालं असतं, आणि इथेच पेठकरकाकांनी पाच पानी प्रतिसाद दिला असता.

दुसरं. मी सिनेमा माझ्या बारा वर्षांच्या लेकीला घेऊन पाहिला. तिला गोपाळराव अजिबात आवडला नाही! बाहेर आल्यावर म्हणाली, तो तिला अभ्यास कर अभ्यास कर म्हणून ओरडतो, पण तिला काय व्हायचंय हे कुठे विचारतो? मी गप्प. मी स्वतः तिला त्याच आठवड्यात स्कॉलरशिपच्या परीक्षेवरून काय काय बोलले होते ते आठवून. तेव्हा सुरक्षित अंतराबिंतराचं मला सांगू नका. आमच्या गाडीत ते अंतर नव्हतं.

पत्राबद्दल तुमचं खरं आहे. ते हवं होतं.


लिमलेट
गुरुवार, रात्री ९:२२

मृद्गंधताई, जोरदार. आणि सहाचा_खेळ, मी शब्द दिल्याप्रमाणे ऑफिसात बसून ‘कुंकू’ पाहिला, म्हणजे निम्मा. मॅनेजर मागे उभा होता. तोही बघत होता. नंतर त्यानं लिंक मागितली. एक सांगा, त्या घरात सामाजिक काम करणारी सावत्र मुलगी येते ती कोण?


पेठकर
गुरुवार, रात्री ९:५०

शकुंतला परांजपे. फर्ग्युसनचे प्राचार्य रँग्लर परांजपे यांची कन्या आणि सई परांजपेंच्या आई. कुटुंबनियोजनाचा उच्चार करणं लाजिरवाणं मानलं जायचं त्या दिवसांत त्यांनी तेच काम उघडपणे केलं. म्हणजे पडद्यावर जी सुधारक बाई दिसते ती पडद्याबाहेरही तीच. असलं पात्रवाटप हल्ली कुठे बघायला मिळतं?


खरखर
शुक्रवार, रात्री १२:३५

वर कुणीच आवाजाबद्दल बोललं नाही म्हणून झोप सोडून लिहितोय. मी ध्वनीचं काम करतो, नाव महत्त्वाचं नाही.

‘कुंकू’मध्ये पार्श्वसंगीत नाही. पुन्हा एकदा वाचा: १९३७ साली, संगीताशिवाय ज्या काळात मराठी माणूस जेवतही नव्हता त्या काळात, पार्श्वसंगीत नाही. गाणी आहेत, पण ती त्या घरातच घडतात. नीरा ग्रामोफोन लावते आणि त्याच्यासोबत गाते. लाँगफेलोची इंग्रजी कवितासुद्धा तिच्या तोंडी आहे, मुकी हाकलली जाणारी गुरं होऊ नका अशा अर्थाची. बाकी घरातले आवाज. घड्याळ, पावलं, भांडी. त्यामुळे ती ज्या क्षणी गप्प बसते तो क्षण कानाला टोचतो, कारण व्हायोलिन धावून येत नाही तिच्या मदतीला. धागाकर्तीनं म्हटलंय ना, सिनेमा सोय ठेवत नाही, त्याचं निम्मं श्रेय ह्याला द्या. पार्श्वसंगीत ही प्रेक्षकाची सोय असते. कुठे रडायचं ते ते सांगतं.

आता उडी मारून ‘सैराट’ (२०१६). अजय-अतुलनं ती गाणी अमेरिकेत मोठा वाद्यवृंद बसवून ध्वनिमुद्रित केली. पहिल्या अर्ध्यात तो वाद्यवृंद तुम्हाला उचलून नेतो, शेतात, विहिरीत, बोटीत. आणि शेवटच्या काही मिनिटांत सगळं काढून घेतलंय. ते लहान मूल रडत चालत जातं, पावलांचे लाल ठसे उमटतात आणि आवाजच नाही. पहिल्या अर्ध्यात एवढी श्रीमंती केली म्हणून ती शांतता परवडली. नागराजनं ती रक्कम जमा करून ठेवली होती.

मी हडपसरला पाहिला. ‘झिंगाट’ला पोरं खुर्च्यांमधल्या वाटेत नाचत होती, शिट्ट्या, मोबाइलचे दिवे. आणि शेवटी त्याच पोरांना उठताच येईना. दिवे लागले तरी बसून. सफाईवाला झाडू घेऊन दारात थांबला होता, तोही आत येईना.


सहाचा_खेळ
शुक्रवार, सकाळी ८:१०

खरखर, दंडवत. ‘पार्श्वसंगीत ही प्रेक्षकाची सोय’ आता माझ्या डोक्यातून जाणार नाही. आज सकाळी लगेच ‘आनंदी गोपाळ’चे दोन प्रसंग आवाज बंद करून पाहिले. गोपाळराव बराच कमी गोड वाटला.

मृद्गंध, लेकीचा प्रश्न ऐकून मी निम्मी हरले आहे. निम्मीच.


करमाळा_पुणे_शेवटची_एसटी
शुक्रवार, संध्याकाळी ६:४०

नमस्कार मंडळी. मी वाचणारा माणूस, लिहीत नाही फारसा. पुण्यात बारा वर्षं झाली, खोली आधी अप्पर बिबवेवाडीला, आता धायरीत.

तुमच्या धाग्यात ‘काळ’ हा शब्द फार आला. तुम्ही लोक ‘सैराट’ बघून आलात आणि म्हणालात, अजूनही असं होतं? माझ्या ओळखीत कुणीच तसं म्हणलं नाही. आमच्याकडं शूटिंग चाललं होतं तेव्हा माणसं बघायला जायची आणि परत येऊन सांगायची की आर्ची बुलेट चालवती. शेवट काय आहे ते कुणी विचारलं नाही, कारण शेवट काय असणार हे ठाऊकच होतं. म्हणजे तुमचा काळावरचा सिनेमा आमचा काळातला.

मला ‘सैराट’पेक्षा ‘फँड्री’ जास्त लागतो. ‘कुंकू’ मी पाहिला नाही, पण तुम्ही म्हणता तसा अडसर बघायचा तर जब्याचा बघा. त्याला शालू आवडते. पूर्ण सिनेमाभर तो तिच्याशी धड बोलतही नाही. काळी चिमणी धरायची, तिची राख करायची आणि ती राख हिच्यावर टाकली की ही वश होणार, एवढीच त्याची प्रेमकथा. मधे शाळेजवळ डुक्कर धरायची धावपळ चाललेली आणि तेवढ्यात राष्ट्रगीत सुरू होतं. सगळं घर सावधान उभं, आणि डुक्कर समोरून निघून जातं. थिएटरात लोक हसले. मीपण हसलो. मग हसलो ह्याची लाज वाटली, कारण शालू तिथं बघत असते ना नंतर.

शेवटचा दगड तर कॅमेऱ्यावरच येतो. मी पुण्यात मल्टिप्लेक्सला पाहिला, शेजारच्या बाईनं डोकं मागं घेतलं. तो सिनेमा फेब्रुवारीत व्हॅलेंटाइन डेला लागला होता. प्रेमाच्या दिवशी. हे नागराजअण्णालाच सुचावं.


मृद्गंध
शुक्रवार, संध्याकाळी ७:०५

दादा, तुम्ही लिहीत जा हो.


लिमलेट
शुक्रवार, संध्याकाळी ७:१२

+१. आणि आम्ही सगळे ‘दुनियादारी’ आणि एसपीच्या कट्ट्यावर गप्पा मारायच्या तयारीत होतो, ते आता राहू द्या.


पेठकर
शुक्रवार, रात्री ८:२०

शेवटची_एसटी यांचा मुद्दा मान्य. माझ्या मनात मात्र वेगळंच आलं. आमच्या लहानपणी तमाशापट हाच लोकांचा प्रेमपट, कालपट आणि सामाजिक सिनेमा, तिन्ही एकात असायचा. ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) विजयानंदला सव्वाशेहून जास्त आठवडे चालला. हे काही नुसतं ‘बुगडी’साठी नव्हे. पाटलानं केलेला अन्याय आणि त्याचा फडावर उभं राहून उघड्यावर काढलेला हिशोब ऐकायला खेडोपाडीचे लोक मंडईत माल टाकून तिथे यायचे. शहरातला सुशिक्षित ‘कुंकू’ बघून विचारात पडायचा. खेड्यातल्या बाईचा राग पडद्यावर आला तो फडावरून. हे दोन्ही प्रेक्षक एका थिएटरात क्वचितच बसले. बसले ते थेट ‘सैराट’ला.


सहाचा_खेळ
शुक्रवार, रात्री १०:३०

काका, हा स्वतंत्र धाग्याचा विषय आहे. काढाच.

माझ्या मूळ दाव्याचं काय झालं ते सांगते. शेवटची_एसटी यांनी काळातला-काळावरचा ही भिंत पाडून टाकली, कारण काळ सगळ्यांचा एकच नसतो. मी ‘आपण लांब अंधारात बसून हळहळतो’ असं लिहिलं त्यातला ‘आपण’ कोथरूडचा होता. तेवढी दुरुस्ती. बाकी नीरा धीट होती ह्यावर मी ठाम आहे.


कोपऱ्यातली_खुर्ची
रविवार, रात्री ९:४०

तीन दिवस हा धागा वाचतेय. लिहू की नको करत होते.

माझी आत्तेआजी सदाशिव पेठेत राहते, वय ८९. तिचं लग्न सोळाव्या वर्षी झालं, आजोबा ३८चे, बिजवर, पहिलीचे दोन मुलगे. म्हणजे नीराची गोष्ट, फक्त ह्यात कुणी कुणाला नकार दिला नाही. तिला विचारलं, ‘कुंकू’ पाहिला होतास का गं? म्हणाली, हो, लग्नानंतर तीनेक वर्षांनी प्रभातला पुन्हा लागला होता (हल्लीचं किबे लक्ष्मी), तेव्हा आजोबांनीच नेलं होतं. त्यांना वाटलं नावावरून धार्मिक असेल. मध्यंतरात उठून घरी घेऊन आले. चिवडा घेतला होता तोही तिथेच राहिला. शेवट तिनं कधी पाहिलाच नाही.

आज दुपारी टॅबवर लावून दिला. कानाला यंत्र आहे म्हणून आवाज मोठा. अख्खा पाहिला, मधे एकदा पाणी मागितलं तेवढंच. संपल्यावर बराच वेळ काही नाही. मग म्हणाली, ‘एवढं बोलू कोण देत होतं? पहिल्याच दिवशी थोबाडात बसली असती.’ सहाचा_खेळ, हे तुमच्यासाठी. नीरा धीट होती का, तर आजीच्या मते ती खरीच नव्हती.

पण रात्री जेवताना स्वतःहून परत विषय काढला. घड्याळाचं विचारत होती. तसंच आमच्याकडे होतं, म्हणाली, किल्ली द्यायचं काम माझं.


मृद्गंध
रविवार, रात्री ९:५८

खुर्चीताई, काय लिहू. आजींना ‘आनंदी गोपाळ’ही दाखवा ना एकदा. माझ्या बाजूनं एक मत तरी पडेल.


कोपऱ्यातली_खुर्ची
मंगळवार, दुपारी ४:१५

दाखवला काल. मध्यंतराच्या जरा आधी झोप लागली तिला. उठल्यावर म्हटलं, पुढचा लावू का? तर म्हणाली, ‘ती जाते ना शेवटी? मग राहू दे. त्यातला म्हातारा गेला होता तो परत लाव.’